पोटावरची पिशवी आणि निवळीची भुकटी

ज्यांना डॉक्टरांनी नुकतंच सांगितलं असेल की काही महिने पोटावर पिशवी लावून राहावं लागेल, त्यांनी आधी हे वाचावं आणि मग रडावं. मी आधी रडून घेतलं. त्यात आठ दिवस गेले आणि आतड्याला त्याचा काडीचाही उपयोग झाला नाही.

तेव्हा मी भांडुपच्या एका शाळेत तिसरीला मराठी शिकवायची. लग्नाला चार वर्षं झाली होती. घरात आम्ही चौघं. माझा नवरा मधू बसच्या डेपोत मेकॅनिक होता. धाकटा दीर बाळा गिरणीत होता, पण संपात नोकरी गेल्यावर तो मुलुंडला बिस्किटांच्या कारखान्यात लागला होता. आणि सासूबाई. मालवणकडून येऊन त्यांना मुंबईत तीस वर्षं झाली होती, पण बोलीच्या बाबतीत त्या अजून तिकडच्या धक्क्यावरच उभ्या होत्या.

गणपती झाले आणि मला ताप यायला लागला. सहामाहीचे पेपर तपासायचे होते, म्हणून मी गोळ्या खाऊन तापाला गप्प बसवत राहिले. ताप गप्प बसला नाही. तिसऱ्या आठवड्यात एका सकाळी पोटात असं काही दुखलं की मी फळ्यावर ‘समानार्थी शब्द’ एवढं लिहून खाली बसले. मग टॅक्सी, मोठं सरकारी रुग्णालय, एक्स-रे. टायफॉइड होता आणि त्यानं आतड्याला भोक पाडलं होतं.

सर्जन पुण्याचे होते. साधारण चाळिशीचे, हुशार, हात अतिशय हलका, पण बोलण्यात एकही इंग्रजी शब्द येऊ द्यायचा नाही असा त्यांचा नेम असावा. त्यांनी मधूला बाजूला नेऊन पोटाची परिस्थिती समजावली. मधूनं विचारलं, “म्हणजे पंक्चर?”

“छिद्र,” डॉक्टर म्हणाले.

नवऱ्याची त्या दिवसाची एवढीच आठवण आहे, असं तो सांगतो. बाकीचा दिवस तो बाहेरच्या बाकावर बसून होता, आणि माझी चप्पल त्याच्या पिशवीत होती.

*

शुद्धीवर आले तेव्हा उजव्या बाजूला पोटावर एक प्लॅस्टिकची पिशवी होती. रबरी पट्ट्यानं बांधलेली. मला वाटलं, सलाईनचं काही असेल. डॉक्टरांनी शांतपणे सांगितलं की आतड्याचं टोक तात्पुरतं पोटावर आणलेलं आहे, आणि जे खालून जायचं ते आता इथून येणार. तीन महिन्यांनी पुन्हा शस्त्रक्रिया करून आतडं आत जोडता येईल.

“पण चाळीस किलो झाल्याशिवाय मी पोट उघडणार नाही,” ते म्हणाले. “टाके धरायला अंगात काहीतरी हवं.”

त्या दिवशी माझं वजन चौतीस किलो होतं. म्हणजे शाळेत परत जायचं की जन्मभर ही पिशवी बांधून घरात बसायचं, हे सहा किलोंवर येऊन ठेपलं. त्याआधी आयुष्यभर मी वजन कमी आहे म्हणून खूश असलेली बाई होते.

पिशवीबद्दल कुणी सांगत नाही ते मी सांगते. ती बोलते. तिला वेळकाळ नसतो आणि कुणाचा मान ठेवायचा हे कळत नाही. माझ्या शेजारच्या खाटेवर घाटकोपरच्या शांताबेन होत्या, पित्ताच्या खड्यांसाठी आलेल्या. पहिल्यांदा पिशवी बोलली तेव्हा त्यांनी जपाची माळ थांबवून विचारलं, “कोण आव्या?” मी लाजेनं चादर डोक्यावर ओढून घेतली. दोन दिवसांत त्यांना सवय झाली. मग डॉक्टरांच्या फेरीच्या वेळी पिशवी गप्प असली की त्याच काळजीनं मला विचारायच्या, आज ही का रुसली म्हणून.

वॉर्डात दिवस सुरू व्हायचा तो थर्मामीटरनं आणि संपायचा तो भेटायला आलेल्या लोकांनी आणलेल्या मोसंब्यांनी. पिशवी कशी धुवायची, कातडीला लेप कसा लावायचा, पट्टा किती आवळायचा, हे मला एका केरळच्या सिस्टरनं शिकवलं. पहिल्या वेळी मी डोळे मिटून घेतले. तिनं माझ्या हातावर चापट मारली आणि म्हणाली, तुझंच आहे, बघ त्याच्याकडे. मी त्या आतड्याच्या टोकाकडे बघितलं. लाल गुलाबी, ओलसर, अगदी निरुपद्रवी दिसत होतं. त्यानंतर घृणा गेली ती गेलीच. ती चापट मला औषधांइतकीच लागू पडली.

*

घरी सोडायच्या दिवशी मधू कागदपत्रांच्या रांगेत उभा होता. खाटेजवळ मी आणि सासूबाई. डॉक्टर आले आणि त्यांनी आहार सांगितला. अंडी, मासे, मूग, सोसेल तेवढं, थोडं थोडं, दिवसातून सहा वेळा. “आणि निवळी,” ते म्हणाले. “निवळीची भुकटी मिळाली तर फारच उत्तम. कशातही कालवा.”

आता मी मराठीची शिक्षिका. त्या क्षणी मी काहीतरी विचारायला हवं होतं. पण अंगात इंजेक्शनची गुंगी होती आणि डोक्यात एकच विचार होता की रिक्षात बसल्यावर पिशवी फुटली तर काय. मी मान हलवली. सासूबाईंनीही हलवली, आणि त्यांची मान अतिशय समाधानानं हलली.

कारण मालवणात निवळ म्हणजे पेजेवरचं पाणी. तांदळाची पेज थोडी ठेवली की भात खाली बसतो आणि वर जे निवळ पाणी राहतं, ते. आजारी माणसाला, बाळंतिणीला, तापातून उठलेल्याला तिकडे तेच देतात. एवढी मोठी शस्त्रक्रिया करणारा पुण्याचा डॉक्टर शेवटी त्यांच्या आईच्या औषधावर आला, याचा त्यांना इतका आनंद झाला होता की रिक्षात त्यांनी मला दोनदा सांगितलं, “मी काय सांगी होतंय? डॉक्टरान निवळच दिवक सांगल्यान.”

अंडी आणि मासे डॉक्टरांनी सांगितले होते ते त्यांनी सोडून दिले. ओल्या टाक्यांना मासे बाधतात, असं त्यांचं मत होतं आणि घरात त्यांच्या मताला अपील नव्हतं.

भुकटीचा प्रश्न मात्र त्यांना पडला. निवळ पाण्यासारखी, तिची भुकटी कशी होणार? दोन दिवस विचार करून त्यांनी तोडगा काढला. पेज घट्ट आटवायची, स्टीलच्या ताटांत पातळ पसरायची आणि गच्चीवर वाळत घालायची. ऑक्टोबरचं ऊन कडक होतं. शेजारणी पापडाचं वाळवण समजून विचारायला आल्या, त्यांना सासूबाईंनी डॉक्टरांचं नाव सांगून परत पाठवलं. वाळलेल्या पापुद्र्यांची मिक्सरमध्ये पूड केली, वस्त्रगाळ केली आणि एका रिकाम्या बोर्नव्हिटाच्या बरणीत भरली. पांढरी शुभ्र, रवाळ. मी ती निवळीत कालवून दिवसातून सहा वेळा पीत होते. तांदळाच्या पाण्यात तांदळाचं पीठ.

वजन करायला मी दर शनिवारी आमच्या गल्लीच्या तोंडाशी असलेल्या लाकडाच्या वखारीत जायची. तिथला काटा मोठा आणि वखारवाले शेठ सज्जन. ते आधी काट्यावरचा भुसा झाडायचे, मग मला चढवायचे, आणि आकडा मोठ्यानं सांगायचे, कारण गिऱ्हाइकाला वजन मोठ्यानं सांगायची त्यांना सवय होती. पहिल्या शनिवारी चौतीस. दुसऱ्या शनिवारी पावणेचौतीस. तिसऱ्या शनिवारी त्यांनी दोनदा काटा तपासला आणि मग प्रथमच हळू आवाजात सांगितलं, तेहतीस.

पाय सुजायला लागले होते. केस हातात येत होते. आरशात पाहायचं मी सोडून दिलं होतं. खरं सांगायचं तर मला वाटायला लागलं होतं की चाळीस हा आकडा दुसऱ्या कुणासाठी आहे.

*

तीन आठवड्यांनी दाखवायला गेलो. डॉक्टरांनी वजन पाहिलं, पाय दाबून पाहिले, पापणी खाली ओढून पाहिली. चेहरा गंभीर झाला.

निवळी घेताय का, त्यांनी विचारलं. घेते, म्हणून मी सांगितलं. नियमित? सहा वेळा. सासूबाईंनी बरणी सोबत आणली होती, कौतुक होईल या आशेनं. त्यांनी ती पदराखालून काढून टेबलावर ठेवली. डॉक्टरांनी झाकण उघडलं, वास घेतला, मग बोटानं चिमूटभर जिभेवर ठेवली.

“बाई,” ते सासूबाईंना म्हणाले, “हा तांदूळ आहे.”

“तर,” सासूबाई म्हणाल्या. “उकड्या तांदळाची.”

पुढची पाच मिनिटं मी आयुष्यात विसरणार नाही. दूध नासवलं की पनीर वेगळं होतं आणि खाली हिरवट पाणी राहतं ते निवळी, दह्याच्या चक्क्यातून गळतं ते निवळी, त्यात प्रथिनं असतात, ती वाळवून परदेशात आणि इथल्याही डेअऱ्यांत भुकटी करतात, हे त्यांनी समजावलं. शेवटी नाइलाजानं त्यांनी नेम मोडला आणि चिठ्ठीवर इंग्रजीत ‘व्हे पावडर’ लिहून दिलं. मी मराठीची शिक्षिका खाली मान घालून बसले होते. मधू छताकडे बघत होता. त्याला हसू येत होतं, हे मला त्याच्या कानांवरून कळत होतं.

सासूबाईंनी बरणीचं झाकण लावलं. घरी आल्यावर त्यांनी गच्चीवरची ताटं उचलून आणली, धुतली, पुसली, फळीवर लावली. मग माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या.

“मी तुका उपाशी ठेवलंय गो,” त्या म्हणाल्या.

मी ‘नाही हो आई’ म्हणायला हवं होतं. म्हटलं नाही. मला राग आला होता. तीन आठवडे वाया गेले होते, किलोभर मांस गेलं होतं, आणि त्या तीन आठवड्यांत मला एकदा बांगडा खाऊ दिला असता तर काय बिघडलं असतं, असं मनात घोळत होतं. मी भिंतीकडे तोंड करून झोपले. मुद्दाम. दोन दिवस आम्ही दोघी त्या दीड खोल्यांत एकमेकींशी बोललो नाही, आणि दीड खोल्यांत न बोलायला फार मेहनत लागते. हे मी लिहिते आहे कारण आजारी माणसाचं सगळं माफ असतं असं घरचे म्हणतात, पण आजारी माणसाला स्वतःला ते पटत नाही.

*

चिठ्ठी घेऊन मधू भांडुप, मुलुंड, घाटकोपरची औषधाची दुकानं फिरला. एकानं त्याला वजन कमी करायची पावडर दाखवली, दुसऱ्यानं अंगाला लावायची. तिसऱ्या दिवशी जेवताना बाळानं चिठ्ठी हातात घेतली, वाचली आणि ताटावरून उठला.

“वहिनी, ही तर आमच्याकडे गोणीनं येते ना,” तो म्हणाला. “बिस्किटाला जो रंग चढतो तो हिच्यामुळेच. मी रोज मिक्सरात टाकतो.”

तीन दिवस मधू मुंबईभर जे शोधत होता, ते आमचा बाळा मुलुंडला रोज खांद्यावरून वाहत होता. त्याच्या सुपरवायझरना माझी हकिकत कळल्यावर त्यांनी कोपरा फाटल्यामुळे बाजूला ठेवलेली एक गोणी रीतसर सही घेऊन दिली. पंचवीस किलोची. बाळा ती घेऊन घरात आला तेव्हा ती आणि मी शेजारी शेजारी फारशा वेगळ्या दिसत नव्हतो.

मूठभर पूड कागदात बांधून आधी डॉक्टरांना दाखवली. फिकट पिवळी, पिठासारखी मऊ, चव किंचित गोड आणि मागून खारट. ते म्हणाले, हीच. हिच्यात प्रथिनं आम्हाला हवीत तितकी नाहीत, साखर जास्त आहे, तेव्हा अंडी आणि मासे सुटणार नाहीत. पण एका चमच्यानं सुरुवात करा आणि वाढवा.

मला घाई होती. मी पहिल्याच दिवशी चार चमचे घेतले. त्या दिवशी पिशवीनं जे केलं ते इथं लिहिण्यासारखं नाही. एवढंच सांगते की सतरंजी दोन वेळा धुवावी लागली, आणि डॉक्टर जेव्हा एक चमचा म्हणतात तेव्हा त्यांना एकच चमचा म्हणायचं असतं.

सुरुवातीला मीच ओट्याशी उभी राहून प्रयोग करायची. उकळत्या चहात पूड टाकली तर तिच्या गोळ्या झाल्या. बांगड्याला तांदळाच्या पिठाबरोबर चोळली, तर बांगडा आत कच्चा आणि वरून डांबरासारखा काळा. भाकरी थापता थापता हाताला चिकटून बसली. ओला चमचा बरणीत गेला आणि दुसऱ्या दिवशी आत दगड तयार. सासूबाई मोरीपाशी बसून भाजी निवडत हे सगळं पाहत होत्या. त्यांचा हात मधेच थांबायचा आणि पुन्हा चालू व्हायचा.

पाचव्या दिवशी मी कोकमाची कढी करायला घेतली, आणि नारळाच्या दुधात ही पूड कालवावी की नाही म्हणून वाटी हातात धरून उभी राहिले. कोकमात दूध घातलं की फाटतं, हे आमच्याकडे लहान मुलालाही ठाऊक आहे. सासूबाई उठल्या. वाटी माझ्या हातातून घेतली, पूड आधी गार पाण्यात कालवून गुठळ्या मोडल्या, आणि सगळी कढीत ओतली. कढी फाटली नाही. गुलाबी, दाट, नेहमीपेक्षा मऊ लागत होती.

“ह्या आधीच फाटलेल्या दुधाचा पाणी,” त्या म्हणाल्या. “आता आणि काय फाटतला?”

तो आमचा समेट. मला त्यांच्या गळ्यात पडावंसं वाटलं, पण पिशवी मधे आली असती.

त्यानंतर स्वयंपाकघराचा ताबा त्यांनी घेतला. एका आठवड्यात त्यांना त्या पुडीची सगळी खोड कळली. गरमात नाही, गारात किंवा कोमटात कालवायची. चपातीच्या कणकेत मूठभर घातली तर चपाती दुसऱ्या दिवशीही मऊ राहते, पण तवा मंद हवा, नाहीतर भरभर लाल होते. आंबोळीला सोनेरी रंग येतो. मुगाच्या कढणात कळतही नाही. माशांच्या तिखल्यात अजिबात नको, बांगडा गोड लागतो आणि मधू ताट सरकवतो. बरणी चुलीपासून लांब, चमचा कोरडा. बाळा कारखान्यातून येऊन त्यांना तिथलं प्रमाण सांगायचा, आणि त्या कारखान्याचं कुठं चुकतं ते त्याला सांगायच्या.

मासेही सुरू झाले. अंडी सुरू झाली. वखारवाले शेठ आकडे पुन्हा मोठ्यानं सांगायला लागले. चौतीस. साडेपस्तीस. सदतीस. पायांची सूज उतरली. एका शनिवारी त्यांनी एकोणचाळीस सांगितलं तेव्हा जळणासाठी रांगेत उभ्या असलेल्या दोन बायकांनी टाळ्या वाजवल्या. मी काट्यावर उभी राहून रडले आणि मग उतरल्यावर माझी मलाच लाज वाटली.

*

शस्त्रक्रिया ठरवायच्या दिवशी वखारीत एक्केचाळीस भरलं होतं. रुग्णालयाच्या काट्यावर भरलं साडेएकोणचाळीस. सिस्टरनं मला आत नेऊन हातातल्या सगळ्या बांगड्या काढायला लावल्या होत्या. त्या सासूबाईंच्या होत्या, आणि एवढ्या बांगड्या मला त्यांनी आज अचानक का घातल्या हे माझ्या तेव्हाच लक्षात आलं.

डॉक्टर आकड्याकडे बघत राहिले. सासूबाई पुढं झाल्या आणि म्हणाल्या की वखारीतला काटा पाहा. “लाकडाचा वजन करणारो काटो. तेका खोटा बोलान काय मेळतला?”

डॉक्टरांनी माझं रक्ताचं पत्रक पाहिलं, पाय दाबला, पापणी ओढली, पोटाची कातडी चिमटीत धरून पाहिली.

“काट्यापेक्षा कातडी खरं बोलते,” ते म्हणाले. “सोमवारी भरती व्हा.”

शस्त्रक्रिया झाली. पिशवी गेली. तिच्या जागी टाक्यांची एक रेघ राहिली. पण डॉक्टरांनी बजावून सांगितलं होतं की आतडं जोडलं म्हणजे झालं नाही. ते चालायला हवं. वारा सरेपर्यंत तोंडात पाण्याचा थेंब नाही, आणि चौथ्या दिवशीही सरला नाही तर पुन्हा विचार करावा लागेल. तो विचार काय असेल हे कुणी विचारलं नाही.

पहिला दिवस काही नाही. दुसरा दिवस काही नाही. मधू ड्युटीवर जाताना येऊन विचारायचा, बाळा येताना विचारायचा. डॉक्टर पोटाला नळी लावून ऐकायचे आणि सरळ उभे राहायचे. तिसऱ्या दिवशी पोट ताठ झालं, आणि मला पहिल्यांदाच खरी भीती वाटली, पहिल्या शस्त्रक्रियेपेक्षाही जास्त. कारण तेव्हा काय होणार हे माहीत नव्हतं, आता माहीत होतं. सासूबाई स्टुलावर बसून होत्या. त्या माझा हात धरून होत्या आणि सोडत नव्हत्या.

चौथ्या दिवशी सकाळी, दहाच्या सुमारास, फेरीसाठी सगळे डॉक्टर वॉर्डाच्या दाराशी उभे असताना, तो आला. बारीकसा वगैरे नाही. चांगला लांब, स्पष्ट, सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल असा. समोरच्या खाटेवरची बाई उठून बसली.

चार वर्षांत सासूसमोर मी कधी मोठ्यानं शिंकलेही नव्हते.

सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. “खरा मां?” त्यांनी विचारलं. मी मान हलवली. त्या उठल्या, खाटेचा लोखंडी दांडा दोन्ही हातांनी धरला, त्यावर कपाळ टेकलं आणि चार महिन्यांचं सगळं रडायला लागल्या. खांदे हलत होते, पदर खाली आला होता, आणि डॉक्टर जवळ येऊन उभे राहिले तरी त्यांना भान नव्हतं. मला मात्र हसू फुटलं. टाके ताणले जात होते, डोळ्यांतून पाणी येत होतं, तरी थांबवता येईना.

त्यांनी रडता रडता मान वर केली आणि माझ्या पोटावर हात ठेवला.

“हसा नको गो,” त्या म्हणाल्या. “टाके सुटतले.”